व्हरांड्यातलं यंत्र

पस्तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्य सूचीत, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू न देणे समवर्ती सूचीत, हे मी मुलांकडून पाठ करून घेत असे. कोणी सूची बदलून लिहिली, तर अर्धा गुणही देत नसे.

दुसऱ्या लाटेत माझी बायको भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात होती. चौथ्या दिवशी तिला मास्कचा ऑक्सिजन पुरेना. नागपुरात खाट नव्हती. व्हेंटिलेटर मात्र तिच्या खाटेपासून वीस पावलांवर होतं. व्हरांड्यात, केंद्राने पाठवलेल्या सीलबंद खोक्यात. नातेवाईक त्यावर डबे ठेवून जेवत.

डॉक्टर तरुण होता, कंत्राटी. तो म्हणाला, "मास्तर, हेच मॉडेल मी नागपूरला चालवलं आहे. चालवता येतं मला, उघडता येत नाही. केंद्राने नेमलेल्या कंपनीचा माणूस येऊन बसवून देईल, तेव्हाच ते आमचं. आधी हात लावला तर वॉरंटी जाते, आणि माझी नोकरी."

तिचा भाऊ, माझा मेहुणा, करडी गावात धानाची गिरणी चालवतो. मोटर, पट्टा, वायर, सगळं स्वतः दुरुस्त करतो. तो पाना घेऊनच आला होता.

"भाटवे, म्या फोडतो. डॉक्टर जोडून देईल. कायले थांबून राहिले?"

मी त्याचा हात धरला. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांच्या पाकिटाचं सील मी कधी एक मिनिट आधी तोडू दिलं नव्हतं. सील पाहिलं की माझा हात आपोआप मागे येतो. मी म्हणालो, "रीतसर परवानगी घेऊ. आज मिळेल."

"तुमी मास्तर लोक सीललेच नमस्कार करा," तो म्हणाला. पण हात सोडवून घेतला नाही. वयाने मी मोठा, त्यात त्याचा भाटवा, बहिणीचा नवरा.

सकाळी नऊपासून मी फोन केले. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाने सांगितलं, यंत्र आमच्या साठ्याच्या नोंदवहीत अजून चढलेलं नाही, राज्याला विचारा. राज्याच्या क्रमांकावरची बाई नम्र होती. यंत्रं केंद्राने दिली, बसवणंही केंद्राकडेच, म्हणाली. केंद्राच्या मदत क्रमांकावर बराच वेळ संगीत वाजलं. मग एका माणसाने हिंदीत सांगितलं की अस्पताल राज्याचा विषय आहे. उत्तर बरोबर होतं. मी पूर्ण गुण दिले असते.

मी तरीही अर्ज लिहिला. तीन प्रती, तीन कार्यालयं, तिन्हींचे फोटो मोबाइलवरून पाठवले. मजकूर नीट जमला याचं त्याही वेळी मला समाधान वाटलं. हे कबूल करायला मला बराच काळ लागला.

दुपारी आत गेलो. तिने मास्क जरा बाजूला केला.

"कवा फुटते पेपर?"

"परवानगी येऊन राहिली."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाली, "मंग बसा तोवरी."

मी बसलो. पाच वाजायच्या आत ती गेली. परवानगी आली नव्हती. नाकारलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मेहुणा मृत्यूचा दाखला घ्यायला गेलो. व्हरांड्यात खोकं फाटून पडलं होतं. आंबागडकडच्या एका म्हाताऱ्याला पहाटे आणलं होतं. त्याच्या लेकांनी कोणालाही न विचारता विळ्याने खोकं कापलं, आणि डॉक्टरने मुकाट्याने यंत्र जोडलं. म्हातारा माझ्या बायकोच्याच खाटेवर होता. छाती एकसारखी वरखाली होत होती.

मेहुणा दारात थांबला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाटवे, वॉरंटीचं विचारा ना डॉक्टरले."

आणि मी खरंच विचारलं. परवानगी कोणाची आली, तेही विचारलं.

डॉक्टर दाखल्यावर सही करत होता. मान वर न करता म्हणाला, "कोणाचीच नाही. आणि मास्तर, अजून कोणी विचारलंही नाही. तुम्हीच पहिले."

त्याने दाखला माझ्या हातात दिला. मी सवयीने तिच्या नावाचं शुद्धलेखन तपासलं. बरोबर होतं.