ओठांवरच्या बातम्या

वाहिनीत तिला सगळे 'सावकाशबाई' म्हणत. बाकीचे निवेदक पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे बातम्या वाचायचे, आणि ही एकेक शब्द सुटा करून, ओठ पुरते हलवून वाचायची. हिची बातमी संपेपर्यंत शिळी होते, अशी कॅमेरावाले थट्टा करायचे. करोत बापडे! तिच्या वडिलांचा जन्म वर्तमानपत्राच्या छापखान्यात यंत्रापाशी गेला होता, आणि त्या खडखडाटाने त्यांचे कान पार निकामी झाले होते. लेक हातात माईक घेऊन उन्हातान्हात धावणारी वार्ताहर होती, तेव्हापासून ते रोज टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसत आणि तिच्या ओठांवरून बातम्या वाचत. पुढे ती संध्याकाळच्या बातम्या देऊ लागली, तेव्हा तर त्या वेळेला कोणी पाहुणा आलेलाही त्यांना खपत नसे.

मग नवे संपादक आले. त्यांनी तिला चर्चेचा कार्यक्रम दिला. पडद्यावर आठ चौकोन, आठ भांडणारी तोंडं आणि मधोमध ही. तिच्या कानातल्या यंत्रातून संपादक सांगत राहायचे, "चढवा आवाज! अजून चढवा!" इतकी वर्षं घासल्यावर चालून आलेली संधी, तिला लाथ कोण मारणार? ती ओरडायला शिकली, आणि चांगलीच शिकली. चौकात तिचं भलंमोठं पोस्टर लागलं. भाजीवाली तिला ओळखून शेजारणीला कोपराने ढोसू लागली.

घरी मात्र टीव्ही बंद. कार्यक्रमाची वेळ झाली की वडील चपला घालून फिरायला निघत. तिला ते फार लागलं. जगाने डोक्यावर घ्यावं आणि आपल्याच माणसाला त्याचं काही नसावं! एका सुट्टीच्या सकाळी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, रागावलात का माझ्यावर?"

"छे गं! राग कसला?"

"मग माझा कार्यक्रम का बघत नाही तुम्ही?"

वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, बाळा. मला ओठ कळत नाहीत. कान गेले, तरी मी बहिरा आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं."

एवढे दिवस आपण त्यांच्यावर रुसलो, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने संपादकांना गाठलं. "मला बातम्याच द्या. हे ओरडणं मला नको."

"संध्याकाळच्या बातम्या आता दुसऱ्या बाई देतात. दुपारच्या आहेत, पण त्या बघतं कोण?" संपादक म्हणाले. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही."

"घेते."

आठवड्याभरात चौकातलं पोस्टर उतरलं. तिथे चर्चेच्या कार्यक्रमात तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंचा फोटो झळकला. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पोस्टरसमोरून जाताना तिने मान दुसरीकडे वळवली.

दुपारच्या पहिल्या बातम्या देऊन ती घरी आली, तर वडील दारातच उभे. त्यांची रोजची वामकुक्षीची वेळ; डोळे जड, पण झोपले काही नव्हते.

"मंत्र्यांच्या बातमीत अडखळलीस," ते सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि पुलाची बातमी घाईघाईत उरकलीस."

आपल्या चुका ऐकून इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. पर्स खांद्यालाच ठेवून तिने त्यांना आत नेऊन बसवलं आणि त्यांच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसली.

"अजून काय चुकलं? सगळं सांगा."