वाटाण्याएवढं मलम

बेलेन गावच्या औषधांच्या दुकानात त्वचेच्या मलमांचा कोपरा एलोइसा बरेलाचा होता. एकतीस वर्षं ती तिथे उभी होती. फार शिकलेली नव्हती, पण नळ्यांवरची बारीक अक्षरं तिच्याइतकी चिकाटीने गावात कुणी वाचली नसतील.

कुणी मुरमा-सुरकुत्यांवरच्या रेटिनॉलची नळी उचलली की तिची उलटतपासणी सुरू व्हायची.

"पोरी, दिवस गेलेत का? निदान तसा विचार?"

पोरी लाजायच्या, एखादी फणकारायची. एलोइसाला फरक पडत नसे. "हे अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातलं औषध आहे. पोटात बाळ असेल तर हात लावायचा नाही. आणि सकाळी उन्हापासून वाचवणारं मलम लावणार नसशील तर आत्ताच नळी खाली ठेव."

मग ती स्वतःच्या तळहातावर वाटाण्याएवढा ठिपका काढून दाखवायची. एवढंच, तेही सगळ्या चेहऱ्याला. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री. वर साधं ओलावा धरणारं क्रीम. आणि तीन महिने आरशाशी भांडायचं नाही.

हे शहाणपण तिला फुकट मिळालेलं नव्हतं. बावीस वर्षांची असताना तिचे गाल मुरमांनी भरलेले होते. डॉक्टरांनी असंच एक मलम लिहून दिलं. थोरल्या बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, म्हणून एलोइसाने ते दिवसातून तीनदा थापलं. लग्नाच्या दिवशी भाजलेल्या हिरव्या मिरचीचं निघावं तसं तिच्या गालांचं साल निघत होतं. करवली म्हणून ती वेदीजवळ उभी राहणार होती. उभी राहिली चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून, तोंडावर जाळी ओढून. फोटोंत ती कुठेच नाही. पुढे तेच मलम तिने नीट, बेताने लावलं आणि वर्षभरात चेहरा निवळला. औषध वाईट नव्हतं, आपली घाई वाईट होती, हे तिला तेव्हा कळलं.

एका सप्टेंबरात नेस्तोर सेदिलो दुकानात आला. शाळेत तिच्या दोन वर्षं पुढे होता, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होता. ड्रायव्हरच्या डावीकडच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने त्याचा डावा गाल जुन्या खोगिरासारखा झाला होता. उजवा गाल मात्र दहा वर्षांनी तरुण.

"एलोइसा, मुलीचं लग्न आहे जानेवारीत. ह्या सुरकुत्यांवर जालीम काहीतरी दे."

"इकडे उजेडात ये बघू." तिने चष्मा वर सरकवला. डाव्या नाकपुडीशेजारी मोत्यासारखा चकाकणारा एक लहान उंचवटा होता, मधोमध खपली. "हे किती दिवस झाले?"

"दाढी करताना कापतं. वसंतापासून आहे. भरतं, परत निघतं."

एलोइसाने नळी परत फळीवर ठेवली. "तुला विकणार नाही."

"का? माझ्याही पोटात बाळ आहे की काय?" नेस्तोर हसला.

"सहा महिने न भरणारी जखम मलमाची नसते, डॉक्टरची असते. काय आहे ते मला माहीत नाही, म्हणूनच विकत नाही."

नेस्तोर तडक शेजारच्या गावी गेला आणि सगळ्यात कडक नळी घेऊन आला. दुकानाच्या मालकाने, डेलने, एलोइसाला सुनावलं, "गिऱ्हाईक हाकलायला ठेवलंय का तुला?" तिला धास्ती होती ती वेगळीच.

तीन आठवड्यांनी नेस्तोर पुन्हा दारात. चेहरा टोमॅटोसारखा लाल, साल सुटलेलं. "हसून घे एकदाचं!" तो म्हणाला. एलोइसाला हसू आलं नाही. खपलीतून आता रक्त येत होतं.

"डॉक्टरकडे गेलास?"

"सुट्टी कुठे मिळतेय? माझ्या बसमधली पोरं कोण नेणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एलोइसा बसच्या आवारात हजर. नेस्तोरने दार उघडलं, तशी ती पायरीवर चढून उभी राहिली.

"फोन लाव अल्बुकर्कीला, कातडीच्या डॉक्टरला. नंबर लिहून आणलाय. दवाखाना उघडलेला नसेल तर निरोप ठेव."

"खाली उतर गं बाई, उशीर होतोय!"

"मग लवकर लाव."

मागच्या तीन बसच्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. नेस्तोरने शिव्या हासडल्या, कपाळाला हात लावला, आणि निरोप ठेवला.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग होता, पण सावकाश वाढणाऱ्या जातीचा. नोव्हेंबरात कापून काढला, सात टाके पडले. आणखी वर्षभर थांबला असतात तर नाकाचा भाग गेला असता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

टाके निघाल्यावर नेस्तोर दुकानात आला आणि काउंटरपाशी टोपी काढून उभा राहिला. "तू त्या पायरीवरून उतरली असतीस ना..." एवढं म्हणून तो हातातली टोपी फिरवत राहिला.

"उतरले असते," एलोइसा म्हणाली, "तर तुझ्या बायकोला तोंड दाखवता आलं नसतं. गप्प बस आता आणि हे घे." तिने उन्हाचं मलम पुढे केलं. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, लग्नानंतरच्या वसंतात तिने त्याला रेटिनॉलही दिलं. आठवड्यातून दोन रात्री, व्रणाला वगळून.

त्याआधी, जानेवारीतल्या लग्नात नेस्तोर लेकीला घेऊन चर्चमध्ये चालत गेला तेव्हा नाकाशेजारचा व्रण अजून गुलाबी होता. एलोइसाला त्याने आग्रहाने घरच्या लोकांत, दुसऱ्या बाकावर बसवलं. फोटो काढायची वेळ झाली तशी ती सवयीने मागे सरकायला लागली, तर नेस्तोरच्या बायकोने तिचा दंड धरला.

"कुठे निघालीस? पुढे उभी राहा, लेकीच्या आणि माझ्या मध्ये."

एलोइसा उभी राहिली. साठीची बाई, गालांवर जुन्या मुरमांच्या दोन-चार खुणा. बाकी कातडी नितळ.

त्या आठवड्यात बसचे नऊ ड्रायव्हर दुकानात आले, एकामागून एक, टोप्या हातात घेऊन. डेल काउंटरमागून बघतच राहिला. एलोइसाने पहिल्याला उजेडात ओढलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "डावा गाल दाखव."