दौलतने घासलेली नळी

लांज्याचा दौलत रियाधच्या अल सुलै भागातल्या वर्कशॉपात लेथवर उभा राहून म्हातारा व्हायला आला, पण त्याला इतका तडफडताना कुणी पाहिलं नव्हतं. गावी आईने, बायजाबाईंनी, अंथरूण धरलं होतं. अन्न सुटलं होतं आणि तोंडी नाव दौलतचंच. इकडे ह्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपलेला. तो नवा झाल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि नवा करायचा तो कफीलने, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाने. माणूस वाईट नव्हे हो, पण रोजचं एकच, उद्या बघू, इन्शाल्ला.

अशात एके सकाळी कफील बापाची जुनी बंदूक घेऊन आला. नळी आतून गंजून खड्डे पडलेले. ईदेला त्याला ती उडवायची होती, आणि आत बसवायची नवी पोलादी नळीही त्याने बाहेरून मागवली होती. दौलतने संधी साधली. काम करून देतो, पण बंदूक हातात घ्याल त्याच दिवशी माझा इकामा करा, अशी गळ घातली. कफीलने छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

इंजिनाच्या झिजलेल्या सिलिंडरला आतून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालण्यात दौलतचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ही नळी लांबच लांब. भोक मोठं करताना केसभर तिरकं गेलं की सगळं मुसळ केरात. जीव मुठीत धरून त्याने ते केलं आणि नवी नळी आत सरकवली. बसली! जोड शोधून सापडेना. बापड्याला रडूच फुटलं.

आता थांबायचं ना तिथेच? पण गंजका जॉब गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, ही आपल्याकडच्या कारखान्यांची शिस्त त्याच्या हाडात मुरलेली. त्यात मालकाला खूश करायची घाई. त्याने नळीवरचा गंज, ओरखडे, सगळं घासून काढलं आणि वर पॉलिश मारलं.

कफील आला. आत डोकावूनही पाहिलं नाही. नुसती बोटं नळीवरून फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा. त्याच्या बापाने तिथे आपल्या टोळीची खूण कोरली होती, उंटांना डागतात तीच. दौलतने ती ओरखडे समजून पुसली होती.

"इथे माझ्या बापाचा हात होता," कफील तुटक्या हिंदीत म्हणाला.

शिवी नाही, आरडाओरडा नाही. बंदूक फडक्यात गुंडाळून तो गाडीत बसला. दौलत मागे धावला, इकाम्याचं बोलला, पाया पडायलाही वाकला. कफीलने काच वर केली. त्यानंतर त्याचा फोन लागेना.

गावाहून बायकोचा, ममताचा, फोन मात्र आला. आईंना धाप लागलीय, तुम्ही विमानात बसलात का एवढंच विचारतात, म्हणाली, आणि तिने फोन सासूच्या कानाला लावला. खरं सांगायला दौलतची जीभ रेटेना.

"निघालो गो आये," तो म्हणाला. "वाटेतच हाय."

पलीकडून धापेतूनच उत्तर आलं.

"सावकाश ये, बाबा," बायजाबाई म्हणाल्या. "मी थांबते."