शिंदेताईंच्या डब्यातले तीळ

ऑफिसातल्या फायली विसरल्या, पण जेवणाच्या सुट्टीतल्या गोष्टी काही डोक्यातून जात नाहीत. पानात तिळाची चटणी आली, की मला आमचं जालन्याचं जुनं ऑफिस आठवतं. अन् शिंदेताई!

ताई मूळच्या धावडा गावच्या. घरच्या रानातले तीळ भाजून डब्यात आणायच्या. जेवण झालं की प्रत्येकाच्या हातावर चमचाभर. "खा! हाडाला चांगले असतात."

*

आमचे हेडक्लार्क काळेसाहेब. डोकं अगदी गुळगुळीत. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तीळ खाल्ल्यानं केस काळे राहतात म्हणे?"

ताई म्हणाल्या, "राहतात की! पण साहेब, आधी असाय पाह्यजेत!"

*

जोशी मॅडमचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी खाण्यातलं कॅल्शियम वाढवायला सांगितलं. मॅडम तीळ तोंडात टाकायच्या अन् वरून घटाघट पाणी!

ताई म्हणाल्या, "मॅडम, ही काय टॅबलेट हाय का? चावल्याबिगर अंगी लागत न्हाई!"

मग मॅडम असं चावू लागल्या, की फोनवरचा माणूस विचारायचा, "तुमच्याकडं गिरणी चालू हाय का?"

*

मी जिम लावली होती. प्रोटीन पाहिजे म्हणून भर मे महिन्यात मुठी भरभरून तीळ खाल्ले. पोट बिघडलं, तोंड आलं. ताईंना म्हणालो, "तुमचे तीळ बाधले मला."

"तिळाला कामून बोलून राह्यले? मी चमचा म्हणलं होतं, फावडं न्हाई!"

*

पाठक अन् शेखभाई जुन्या जालन्यातून एकत्र यायचे, शेखभाईंच्या गाडीवर. प्रमोशनवरून बिनसलं अन् बोलणं बिलकुल बंद. कित्येक वर्षं! जेवायचे एकाच टेबलावर, पण पाठक मला सांगायचे, "त्यांना म्हणावं, मीठ द्या." मीठ हातभर अंतरावर!

पाठकांची नोकरीतली शेवटची संक्रांत. ताईंनी तिळगूळ वाटला. शेखभाईंनी घेतला. पाठकांनी हात मागं घेतला. "शुगर निघाली. गूळ बंद हाय."

ताईंनी डबा उघडला अन् त्यांच्या हातावर नुसते तीळ ठेवले.

"मंग हे घ्या. गोड नका बोलू. पण बोला!"

पाठक तीळ चावत राहिले. बराच वेळ. मग शेखभाईंकडं न बघताच म्हणाले,

"संध्याकाळी गाडीवर जागा हाय का रे?"