पंधरा माणसांचं व्यासपीठ

क्रिकेटच्या मैदानावर, गोलंदाजाच्या पाठीमागे सीमारेषेबाहेर, एक मोठी पांढरी भिंत चाकांवर उभी असते. फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून. तिला साइटस्क्रीन म्हणतात. प्रेक्षक तिच्याकडे कधी बघत नाहीत, आणि बघत नाहीत यातच तिचं यश असतं. अशी एक साइटस्क्रीन मी सत्तरच्या दशकात आखली आणि तिच्यापायी एका सकाळी असा भ्यालो, की आजही कुठल्या समारंभाला गेलो तर माझी नजर वक्त्याकडे जात नाही, स्टेजच्या पायांकडे जाते.

तेव्हा मी सांगलीजवळ माधवनगरला एका लहान वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो. आमचं रोजचं काम यंत्रमागांचे सुटे भाग आणि उसाचे चरक. मालक हौशी होते, क्रिकेटवेडे होते आणि एकाच कामाची वस्तू त्यांना बघवत नसे. दिवस टंचाईचे, लोखंड सहज मिळत नव्हतं. तेव्हा एकदा लोखंड वापरलं की त्यानं दोन कामं केली पाहिजेत, असा त्यांचा धर्मच होता. आम्ही धावफलकाच्या पाठीमागे पॅड आणि स्टंप ठेवायचं कपाट केलं. ते उघडलं की फलक फिरे आणि धावा दिसेनाशा होत. त्यामुळे कुणी पॅड काढायला गेलं की धावा लिहिणारा हात बांधून उभा राही. मालक म्हणाले, "तेवढीच त्याला विश्रांती."

साताऱ्याच्या एका क्लबाला साइटस्क्रीन हवी होती. क्लबाचे सेक्रेटरी स्वतः माधवनगरला आले आणि मालकांच्या मनातलंच बोलले. म्हणाले, "आमच्या मैदानावर सामन्यांपेक्षा समारंभ जास्त होतात. प्रत्येक वेळी मांडववाला शोधा, टेबलं जोडा. तुमच्या पडद्यातून व्यासपीठ निघालं तर बघा."

मी काढलं. पांढऱ्या लाकडी पट्ट्यांचा पडदा दोन भागांत केला. वरचा भाग मागे उभा राही. खालचा भाग बिजागऱ्यांवर पुढं पाडला की जमिनीपासून तीन फुटांवर आडवा होई आणि त्याच्या पुढच्या कडेखालचे चार लोखंडी पाय उलगडून जमिनीला टेकत. प्रत्येक पाय सरळ राहावा म्हणून एक बोटभर जाडीची पिन. पाहुणे वर बसायचे, पाठीमागे पांढरीशुभ्र पार्श्वभूमी. समारंभ संपला की सगळं उचलायचं, पिना काढायच्या, पुन्हा साइटस्क्रीन.

पिनांची जाडी ठरवण्याआधी मी सेक्रेटरींना विचारलं होतं, की व्यासपीठावर माणसं किती असतात? ते म्हणाले, "पाच. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मी, खजिनदार आणि आभार मानणारा." मी पाचाचे पंधरा धरले आणि स्वतःला फार सावध समजलो. माणूस साठ किलोचा धरला. मी वडूजजवळच्या कोरडवाहू गावात वाढलो होतो. तिथं साठ किलोचा माणूस म्हणजे सुखवस्तू. शिवाय मी लहानपणापासून समारंभ बघत आलो होतो. छापलेल्या पत्रिकेवर पाच नावं असली, तरी माइकवरून किती नावं पुकारली जातात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण कागदावर आकडे मांडताना जे ठाऊक असतं ते आठवतंच असं नाही.

उद्घाटनाला मी वडिलांना बोलावलं. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गावी शेती करणारे. माझ्या नोकरीवर त्यांचा विश्वास नव्हता. "नुसत्या रेघा वडून काय व्हतं रं?" असं ते प्रत्येक सुट्टीत विचारत. म्हटलं, एकदा रेघांचं काय होतं ते दाखवावं. ते सकाळच्या एसटीनं आले. ठेवणीतला कोट, त्यावर पदकं. सेक्रेटरींशी ओळख करून देताना मी, गरज नसताना, ते सैन्यात कुठं कुठं होते ते सांगितलं.

समारंभ सुरू झाला. पाच जण वर गेले, पाच खुर्च्या भरल्या. मी बाजूला, स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभा होतो. मग सूत्रसंचालक, जे मराठीचे शिक्षक होते, खिशातून एक कागद काढून म्हणाले, "आपल्यात उपस्थित असलेल्या काही मान्यवरांनी व्यासपीठावर स्थानापन्न होऊन आम्हाला उपकृत करावं."

एक कारखान्याचे संचालक गेले. ते गेले म्हणून दुसरे गेले. दुसऱ्यांना बोलावल्यावर तिसरे पहिल्या रांगेत नुसते खाकरले, आणि शिक्षकांनी त्यांचंही नाव घेतलं. खुर्च्या संपल्यावर बाकडी आली. ऊसपट्ट्यातली ही माणसं साठ किलोची नव्हती. मी मोजत होतो. अकरा. पंधरा. एकोणीस. बाविसावा माणूस चढला तेव्हा लाकडाखालून एक आवाज आला. दाराची कडी कुणी आतून हळूच सरकवावी तसा.

मी स्टेजला लावलेली झालर बाजूला करून खाली बघितलं. डावीकडून दुसऱ्या पायाची पिन वाकली होती. फार नाही. गव्हाच्या दाण्याएवढी. पण सरळ पिन सरळ राहते आणि वाकलेली पिन वाकतच जाते, हे मला शिकवलं होतं. स्टेजच्या पुढं, अगदी त्या झालरीला पाठ लावून, शाळेच्या मुली समारोपाचं गीत म्हणायला मांडी घालून बसल्या होत्या.

तेवढ्यात माइकवरून ऐकू आलं, "आणि ज्यांनी देशाच्या सीमेवर आपली उमेदीची वर्षं खर्ची घातली, असे एक माजी सैनिक..."

वडील पाचव्या रांगेत होते. ते उठले नाहीत. त्यांनी मान वळवून मला शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. जाऊ का, असं त्यांना विचारायचं होतं. आयुष्यात त्यांनी मला कधी कशाची परवानगी विचारली नव्हती. पाचशे माणसं त्यांच्याकडे बघत होती.

मी मान हलवली. जा म्हणून.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पिन वाकलेली मी बघितली होती, आणि तरी हलवली.

ते चढले. पुढच्या कडेला, शेवटी आणलेल्या बाकड्याच्या टोकाला, गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. बरोबर त्याच पायाच्या वर. त्यांच्यानंतर आणखी सहा जण चढले.

मी पायऱ्यांवरून वाकून सेक्रेटरींच्या कानाशी गेलो. "पाय वाकतोय. पंधरा माणसांचं आहे हे. निम्मी खाली घ्या."

त्यांचा चेहरा उतरला, पण हसू तसंच राहिलं. सार्वजनिक कामात मुरलेल्या माणसाला हे जमतं. ओठ न हलवता ते म्हणाले, "आता? कोणाला आधी उठवायचं हे ठरवायलाच एक बैठक घ्यावी लागेल."

"अहो, पडेल हे."

"मग असं करू. ज्यांचं नाव मोठं नाही ते आधी उठवू. त्यांना राग कमी येईल." मग त्यांनी डोळ्यांनी बाकड्याकडे खूण केली. "तुमच्या वडिलांपासून सुरुवात करू?"

वडिलांच्या गळ्यात कुणीतरी नुकताच हार घातला होता. तो पदकांवर येऊ नये म्हणून ते एका हातानं धरून बसले होते. मी नको म्हणालो. एका माणसाच्या वजनानं काय फरक पडणार, असं मी मनाला सांगितलं. ते खरंही होतं. पण नको म्हणण्याचं कारण ते नव्हतं.

स्टेज रिकामं करायचा एक उपाय साताऱ्यात सगळ्यांना माहीत होता. कोयनेच्या भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती. अजूनही भांडं हललं की माणसं दारात येत. नुसतं "भूकंप!" म्हणून ओरडलो असतो तर अर्ध्या मिनिटात वर कुणी उरलं नसतं. शब्द घशापर्यंत आला. पण तेवढी माणसं एकदम पुढच्या कडेवरून उड्या मारणार, म्हणजे त्याच पिनेवर. आणि खाली त्या मुली. मी तोंडावर हात दाबून धरला. खरोखर दाबून धरला. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

मागून कुणीतरी शर्ट ओढला. मैदानाचा म्हातारा माळी. त्यानंही झालरीखाली बघितलं होतं.

"सायेब, खुट्टी वाकलीया की."

"हो."

"मंग हुबं का ऱ्हायलाय? रूळ सारू खाली."

रूळ म्हणजे खेळपट्टी दाबायचा दगडी रोलर. अडीच फूट उंच. स्टेज तीन फुटांवर. मला हे का सुचलं नव्हतं हे सांगता येत नाही. भ्यालेला माणूस फक्त भीतीकडे बघतो. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि आम्ही दोघं आणि दोन खेळाडू रोलर स्टेजच्या बाजूनं आत ढकलू लागलो. तो लोखंडी आसावर किरकिरत होता. वर पाहुणे खेळातून होणाऱ्या चारित्र्यसंवर्धनावर बोलत होते. एकदा ते थांबले आणि म्हणाले, "ही किरकिर कसली?" शिक्षकांनी तत्परतेनं सांगितलं, "माइकची, साहेब."

मी आणि माळी आत सरपटत गेलो. रोलर वाकलेल्या पायाजवळ आणला, दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. दुरुस्तीसाठी सांगलीहून आणलेल्या जादा पट्ट्या मी रोलरवर एकावर एक रचल्या. शेवटची पट्टी जाईना. बोटभर फट राहिली. ठोकावी तर वर हादरा बसणार. फळ्यांमधून वरच्या बुटांचे तळवे दिसत होते. एका फटीतून वडिलांची वहाण दिसत होती, अंगठ्यापाशी शिवलेली. मी तिच्याखाली हात टेकून बसलो, जणू हातानं काही पेलणार होतं.

"तुमचं कोन हाय वर?" माळ्यानं विचारलं.

"वडील."

त्यानंही हात वर लावला.

भाषणं किती चालली, मला सांगता येणार नाही. प्रत्येक टाळीला फळ्या थरथरत आणि पिन आणखी किंचित वाके. माझ्या मानेवर धूळ गळत होती. मुलींचं गीत झालं, मुली उठून गेल्या हे पायांच्या आवाजावरून कळलं, आणि मला पहिला पुरता श्वास घेता आला. आभार झाले. आता उतरतील असं वाटलं.

मग फोटोग्राफरचा आवाज आला. "सगळे जरा पुढं या. अजून पुढं. मागचे दिसत नाहीत."

तीसेक माणसं उठली आणि पुढच्या कडेला आली. मी ओरडलो, ते माझ्याच कानांना ऐकू आलं नाही. पिन तुटली. तो आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. पाय कोलमडला, स्टेज एकदम खाली आलं, आणि बोटभरच आलं. पट्ट्यांवर बसलं. पट्ट्या करकरल्या. विटा मातीत रुतल्या. मी आणि माळी डोकी धरून पालथे पडलो होतो.

वर कुणी हललं नाही. मग प्रमुख पाहुण्यांचा आवाज आला, जरा बदललेला. "कोयना."

"कोयनाच," दुसऱ्या कुणी म्हणालं. "लहान होता."

"लय लहान. गेल्या वेळी ह्याच्याहून मोठा झाला."

आणि भूकंपात वागायची सवय असलेली ती माणसं एकेक करून, रेटारेटी न करता, पायऱ्यांवरून उतरून मोकळ्या मैदानात गेली. नावं पुकारून वर चढायला पाऊण तास लागला होता. उतरायला पाच मिनिटं लागली नाहीत, आणि कुणी आधी-नंतर बघितलं नाही.

मी बाहेर आलो. वडील सगळ्यात शेवटी उतरले. सगळे पाणी प्यायला गेले होते. ते स्टेजपाशी परत आले, उकिडवे बसले, झालर उचलून आत बघितलं. रोलर, विटा, पट्ट्या, तुटलेली पिन. तोफखान्यात काढलेली वर्षं होती. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"भूकंप न्हवता," ते म्हणाले.

"नव्हता, आबा."

"खुट्टी कवा वाकली? मी चढायच्या आदी, का मागनं?"

खोटं बोलता आलं असतं. "आदी," मी म्हणालो.

त्यांनी झालर सोडली. हार काढून माळ्याच्या हातात दिला आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. वडूजच्या गाडीत बसेपर्यंत ते एवढंच बोलले, "त्या पोरी म्होरं व्हत्या तवा मोडली आस्ती तर?"

सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी साताऱ्याला माणूस पाठवून खालच्या भागाच्या बिजागऱ्या वेल्डिंग करून कायमच्या बंद केल्या. सेक्रेटरींना ते आवडलं नाही. तो पडदा पुढं बरीच वर्षं फक्त पडदा होता आणि उत्तम काम करत होता, म्हणजे त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

वडिलांनी हा विषय पुन्हा काढला नाही. गावात ते साताऱ्याला व्यासपीठावर बसल्याचं सांगत, आणि अभिमानानं सांगत. पिनेबद्दल कधी नाही. पुढं मी घरासाठी बऱ्याच वस्तू केल्या. खाट केली, अंगणातलं बाकडं केलं, आईसाठी एक पाट केला. त्यांवर बसण्याआधी वडील दर वेळी हाताचा तळवा टेकवून अंगाचा सगळा भार एकदा देऊन बघत. मी समोर असलो तरी बघत. मग बसत.