गल्लीचं वायफाय

नव्वदच्या दशकात आमच्या घरचा फोन अख्ख्या गल्लीचा होता. लोक नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर लिहायचे, पुढे 'पी. पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहिलं की झालं. कागलला कुणाचा मामा आजारी पडला तरी फोन आमच्याकडे. मग वडील, म्हणजे आबा, रिसीव्हर बाजूला ठेवून, चपला घालून त्या घरी हाक मारायला जायचे. बिल भरण्याचा मान मात्र त्यांनी कुणाला दिला नाही.

पुढे मोठा भाऊ अमेरिकेला गेला. तिकडे त्याला मुलगी झाली आणि तिला बघायचं म्हणून आबांनी वायफाय घेतलं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, त्यामुळे या विषयात घरात माझं ऐकायचा प्रश्नच नव्हता. पासवर्ड अवघड ठेवूया म्हटलं, तर त्यांनी घरच्या फोनचा नंबर ठेवायला लावला. तो गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता.

लवकरच इंजिनिअरिंगची पोरं लॅपटॉप घेऊन आमच्या कट्ट्यावर बसू लागली. अभ्यासाला, अर्थात. त्या अभ्यासात नट्या नाचायच्या एवढंच. आम्हाला मात्र नातीचं कपाळ दिसायचं, चित्र थिजायचं आणि नाकापर्यंत पोचायच्या आत सगळं बंद पडायचं.

मी राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंच फळीवर ठेवला, अँटेना वळवून पाहिली, जास्त वेगाचा प्लॅन घेतला. वेग वाढल्याचं गल्लीला माझ्याआधी कळलं. शेवटी गुपचूप पासवर्ड बदलला, तर शेजारचा भाडेकरू लगेच दारात. आबांनी माझ्या उद्धटपणाबद्दल त्याची माफी मागितली, माझ्याकडून नवा पासवर्ड काढून घेतला आणि वर त्याला चहा पाजला.

"आबा, सगळ्यांना वाटत बसलात तर आपल्याला काय उरणार?"

"दारात आलेल्या पावण्याला न्हाय म्हणू व्हय? काय तरीच तुझं!"

नातीचं बारसं तिकडे शनिवारी संध्याकाळी होतं, म्हणजे आमच्याकडे रविवारी सकाळी. आबा फेटा बांधून लॅपटॉपसमोर बसले. पाळणा दिसला आणि चित्र थिजलं.

"जा आता," मी ओरडले, "सांगा सगळ्यांना बंद करायला!"

ते खरंच उठले. म्हटलं, आली एकदाची अक्कल. बाहेर जाऊन त्यांनी खणखणीत आवाजात हाळी दिली, "लॅपटॉप मिटा आणि आत या की सगळी! आमच्या नातीचं बारसं हाय!"

सगळी आली. कट्टा आला, भाडेकरू आला, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूही आल्या. गल्लीत नेट वापरायला कुणी उरलंच नाही आणि चित्र आरशासारखं लख्ख झालं. एवढी वर्षं कॉम्प्युटर शिकवून हा उपाय मला सुचला नव्हता.

पाळणा हलला, नाव ठेवलं गेलं, पोरीनं जांभई दिली तर पोरांनी टाळ्या पिटल्या. आबांची खुर्ची काकूंना मिळाली होती. ती त्यांनीच दिली होती. मी आबांना पुढे बोलवत होते आणि ते गर्दीमागून पेढे पुढे सरकवत होते, "घ्या की, लाजू नका." तेवढ्यात तिकडे बाळ झोपलं आणि भावानं हात हलवून निरोप घेतला.

सगळे गेल्यावर आबा कपबशा गोळा करत होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. त्यांनी फेटा काढून खुंटीला लावला आणि हळूच विचारलं, "काय गं, कुणावर गेलीया पोरगी?"