मोडलेला माग

आमच्या घराण्यातला मी पहिला बी. ए. तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी कचेरीत जाताना आगगाडीत जाड पुस्तक उघडून बसायचो, थोडं लोकांनी पाहावं म्हणूनही. समोर रोज एक म्हातारा विणकर असे. हातमाग सुटल्यावर तो अंबत्तूरच्या यंत्रमागांच्या कारखान्यात झाडू मारी. उशीर झाला की त्याला फाटकावरूनच परत पाठवत. बसल्या जागी त्याचे अनवाणी पाय आळीपाळीने खाली दाबले जात, जणू हातमागाच्या पावड्या तिथेच होत्या.

"काय वाचता, सार?" एकदा त्याने तमिळमध्ये विचारलं.

मी ऐटीत सांगितलं, "विलायतेतल्या मजुरांनी पोटावर आलेली यंत्रं फोडली. सरकारने त्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं."

"बायकापोरं?"

"मागेच राहिली."

"आणि यंत्रं?"

"नवी आली."

तो पुस्तकाकडे बघत म्हणाला, "मीही फोडला, सार. माझाच माग, बापाच्या हातचा. सून बाळंत झाली तेव्हा घरात सरपण नव्हतं." मग हसला. "मला तर कुणी शिक्षासुद्धा केली नाही."

अंबत्तूर आलं.

"आजोबा, उतरा!" मी म्हणालो.

तो पायांनी त्या नसलेल्या पावड्या दाबतच राहिला. गाडी सुटली.